लाल रेघेचे नकाशे घरबसल्या: ‘मॅपिंग इनइक्वॅलिटी’ ही वेबसाइट कशी आहे आणि कशी वापरावी

अमेरिकेतल्या वर्णभेदाचा विषय निघाला की ‘रेडलाइनिंग’ (वस्तीत कोण राहतं ते पाहून तिला ‘धोक्याची’ ठरवणं आणि तिथे गृहकर्ज नाकारणं) हा शब्द येतोच, पण ज्या कागदांवरून तो सगळीकडे पसरला ते कागद फार थोड्यांनी पाहिलेले असतात. रिचमंड विद्यापीठाच्या डिजिटल स्कॉलरशिप लॅबने २०१६ साली सुरू केलेली ‘मॅपिंग इनइक्वॅलिटी’ ही वेबसाइट ते कागद थेट समोर ठेवते. पैसे लागत नाहीत आणि नोंदणी करावी लागत नाही. १९३५ ते १९४० या काळात होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या केंद्र सरकारी संस्थेने (सगळे तिला एचओएलसी म्हणतात) २०० हून अधिक शहरांच्या वस्त्यांची प्रतवारी केली. ते नकाशे आणि त्यांच्या मागचे तपशिलाचे फॉर्म राष्ट्रीय अभिलेखागारातून काढून, स्कॅन करून, आजच्या नकाशावर बसवलेले इथे मिळतात.

मत आधीच सांगतो. इतिहासाचे इतके मोलाचे कागद इतक्या सोप्या रीतीने खुले करणारी दुसरी वेबसाइट या विषयात नाही. मात्र इथले रंग फार बोलके आहेत, आणि नुसते रंग पाहून उठणारा माणूस अर्धवट निष्कर्ष घेऊन उठतो. रंगाखालचा फॉर्म वाचायची सवय लावून घेतली तरच या साधनाची खरी किंमत कळते.

हे नकाशे निघाले कशातून, ते थोडक्यात. १९३० च्या मंदीआधी अमेरिकेत घरासाठीचं कर्ज साधारण तीन ते दहा वर्षांचं असे, निम्मी रक्कम आधी भरावी लागे आणि मुदतीअखेर मुद्दल एकरकमी फेडावं लागे. मंदीत ही रचना कोसळली आणि लाखो घरं जप्तीच्या दारात उभी राहिली. १९३३ साली एचओएलसी स्थापन झाली. तिने सुमारे १० लाख बुडीत कर्जं आपल्याकडे घेऊन १५ वर्षांच्या, ५ टक्के व्याजाच्या हप्तेबंद कर्जांत बदलली. त्यानंतर, आपला पैसा कुठे अडकलाय आणि कोणत्या वस्तीत घरांच्या किमती टिकतील, हे ठरवण्यासाठी तिने स्थानिक दलाल, बँकवाले आणि मूल्यांकनकार यांना हाताशी धरून शहरं रंगवली. हिरवा म्हणजे ए, ‘सर्वोत्तम’. निळा बी, ‘अजूनही चांगला’. पिवळा सी, ‘निश्चित उतरणीला लागलेला’. लाल डी, ‘धोकादायक’.

वापरायला सोपं आहे. मुख्य पानावर शहराचं नाव टाका किंवा नकाशावरून निवडा. शहर उघडलं की जुना नकाशा आजच्या रस्त्यांवर अंथरलेला दिसतो. जुन्या नकाशाची पारदर्शकता कमीजास्त करता येते, किंवा स्कॅन बाजूला करून फक्त रंगीत तुकडे ठेवता येतात. एखाद्या तुकड्यावर क्लिक केलं की त्याचा फॉर्म बाजूला उघडतो. बऱ्याच शहरांचे फॉर्म टाइप करून घातलेले आहेत, शिवाय मूळ पानाचं स्कॅनही पाहता येतं. दोन्ही पाहावीत, कारण टंकलेखनातली खाडाखोड, मागाहून हाताने घातलेला शेरा असल्या गोष्टी स्कॅनमध्येच कळतात. ब्राउझरच्या पत्त्यात शहर आणि तुकड्याचा क्रमांक येत असल्याने तो पत्ता कॉपी करून पाठवला की समोरच्याला नेमकी तीच जागा उघडते. वर्गात शिकवणाऱ्यांना ही सोय फार उपयोगी पडते.

आता फॉर्म. आपल्याकडे सातबारा वाचता येणारा माणूस जसा जमिनीची सगळी कुंडली सांगतो, तसा हा एक पानी फॉर्म वस्तीची कुंडली सांगतो. १९३७ च्या छापील नमुन्यात पहिल्या कलमात जमिनीचा चढउतार, अनुकूल बाबी, अपायकारक बाबी आणि येत्या १० ते १५ वर्षांत मागणीचा कल काय राहील हे विचारलेलं आहे. दुसरं कलम रहिवाशांचं: व्यवसाय, अंदाजे वार्षिक उत्पन्न, परदेशात जन्मलेली कुटुंबं किती टक्के आणि मुख्यतः कुठली, ‘नीग्रो: हो की नाही, किती टक्के’, आणि त्याखाली ‘कोणाचा शिरकाव’ असा स्वतंत्र रकाना. हा रकाना छापील आहे, हे लक्षात घ्या. कुणा एका पूर्वग्रहदूषित दलालाने आपल्या मनाने लिहिलेलं ते टिपण नव्हे. सरकारी छापखान्यातून निघालेला प्रश्नच तो होता, आणि देशभर शेकडो माणसं त्याचं उत्तर भरत होती. तिसऱ्या कलमात घरांचा प्रकार, वय, डागडुजी. पुढे १९२९ पासूनच्या विक्रीच्या आणि भाड्याच्या किमती. नवव्या कलमात घर घ्यायला आणि बांधायला कर्जाचा पैसा मिळतो का: ‘मुबलक’, ‘मर्यादित’ किंवा ‘नाही’. शेवटी शेरा.

शेऱ्यांची भाषा पाहायची असेल तर लॉस एंजेलिस उघडा आणि डी-५३ वर जा. हा बॉइल हाइट्सचा भाग. ज्यू, मेक्सिकन, जपानी, कृष्णवर्णीय अशी मिश्र वस्ती. हा ‘मेल्टिंग पॉट’ भाग नाना प्रकारच्या विघातक वांशिक घटकांनी अक्षरशः पोखरलेला आहे, असं तिथे लिहिलंय. असे घटक नाहीत असा एक तरी चौक इथे सापडेल का याचीही शंका वाटते, असंही पुढे आहे. घरं, रस्ते, शाळा यांच्याबद्दल काय लिहिलंय ते त्याच पानावर शोधा आणि दोन्ही शेजारी ठेवा. हे एवढं केलं तरी रेडलाइनिंगवरच्या दहा लेखांपेक्षा जास्त समजतं.

एक इशारा: फॉर्मचा नमुना सगळीकडे एक नाही. सुरुवातीच्या काळातले फॉर्म आखूड आहेत, लॉस एंजेलिसच्या १९३९ च्या फॉर्ममध्ये लोकसंख्येचं कलम पहिलं आहे. त्यामुळे ‘कलम दोन’ असा क्रमांक धरून शहराशहरांची तुलना केली तर गोंधळ होतो. रकान्याच्या नावावरून शोधा आणि फॉर्मवरची तारीख टिपून ठेवा.

वाचनाची सगळ्यात फलदायी पद्धत जोडीची. एकाच शहरात एकमेकांना लागून असलेले दोन तुकडे घ्या, एक सी आणि एक डी. घरांचं वय, बांधकाम आणि किंमत जवळपास सारखी असेल अशी जोडी शोधा. मग रहिवाशांचा रकाना आणि कर्जाचा रकाना समोरासमोर ठेवा. वस्ती जुनी आणि पडकी म्हणून लाल झाली, की माणसं कोण आहेत म्हणून, हे काही जोड्यांत स्पष्ट दिसतं, काहींत दिसत नाही. जिथे दिसत नाही तिथे ते नाही असंच लिहावं. हा विषय इतका गंभीर आहे की त्याला फुगवायची गरजच नाही.

वेबसाइट वापरणाऱ्यांच्या हातून होणारी सगळ्यात मोठी चूक म्हणजे या नकाशांनाच सगळ्या विषमतेचं मूळ मानणं. तारखा नीट पाहिल्या की अडचण कळते. एचओएलसीने बहुतेक कर्जं १९३३ ते १९३६ मध्ये वाटली, बहुतेक नकाशे त्यानंतरचे. शिवाय तिने कृष्णवर्णीय कुटुंबांनाही कर्जं दिली, लाल वस्त्यांतही दिली. प्राइस फिशबॅक आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी हा मुद्दा लावून धरलाय, आणि तो बरोबर आहे. लाल तुकड्यांत राहणाऱ्यांपैकी बहुसंख्य गोरेच होते, हेही खरं. पण त्याच वेळी शहरातली कृष्णवर्णीय कुटुंबं जवळजवळ सगळीच लाल तुकड्यांत सापडतात. दोन्ही वाक्यं एकत्र सांगितली तरच चित्र पुरं होतं.

खरा दणका दिला तो १९३४ साली आलेल्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनने. ही संस्था कर्ज देत नसे, बँकेच्या कर्जाला विमा देई, म्हणजे कर्ज बुडालं तर बँकेला भरपाई मिळे. त्या विम्यामुळे बँका २० टक्के आगाऊ रकमेवर २० वर्षांचं कर्ज देऊ लागल्या. १९३८ पासून लहान घरांना १० टक्के आगाऊ आणि २५ वर्षं. सामान्य पगारदाराला घर परवडू लागलं ते इथून. आणि या संस्थेच्या मूल्यांकन पुस्तिकेत वस्तीत त्याच सामाजिक आणि वांशिक वर्गाची माणसं राहिली पाहिजेत असं स्पष्ट म्हटलेलं होतं, खरेदीखतात वांशिक अटी (अमुक वंशाच्या माणसाने इथे राहू नये अशा) घालण्याची शिफारस होती. युद्धानंतरच्या लेव्हिटाउनसारख्या वसाहती याच विम्यावर उभ्या राहिल्या आणि तिथे कृष्णवर्णीयांना घर मिळत नव्हतं. या संस्थेचे स्वतःचे नकाशे मात्र बहुतांशी शिल्लकच नाहीत. म्हणजे ज्यांचे नकाशे टिकले त्यांच्यावर सगळा प्रकाश पडतो आणि ज्यांनी जास्त नुकसान केलं ते अंधारात राहतात. वेबसाइटच्या प्रस्तावनेत हा वाद मांडलेला आहे, पण नकाशावर थेट उडी मारणारे ती वाचत नाहीत. ती आधी वाचा.

हे सगळं एका ठिकाणी पाहायचं तर डेट्रॉइट उघडा आणि शहराच्या उत्तर सीमेवर एट माइल रोड आणि वायोमिंग रस्त्याच्या आसपास जा. तिथे एकटी पडलेली कृष्णवर्णीयांची वस्ती लाल रंगात दिसते. १९४१ साली तिच्या शेजारी एका बिल्डरला गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती. लाल वस्ती इतकी जवळ म्हणून सरकारी विमा मिळेना. त्याने मध्ये सुमारे सहा फूट उंच, अर्धा मैल लांब काँक्रीटची भिंत घातली, आणि विमा मिळाला. भिंत नकाशात सापडणार नाही, कारण नकाशा तिच्या आधीचा आहे. आजच्या उपग्रहचित्रात बर्वुड रस्त्यालगत शोधा. खेळाच्या मैदानालगतच्या भागावर आता भित्तिचित्रं आहेत.

मग पुढे बदललं काय? १९४८ साली शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वांशिक अटी न्यायालयांमार्फत अमलात आणण्यास मनाई केली. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या ४ एप्रिल १९६८ ला झाली आणि आठवड्याभरात, ११ एप्रिलला, घर विकताना किंवा भाड्याने देताना वंशभेद करायला बंदी घालणाऱ्या फेअर हाउसिंग कायद्यावर सही झाली. १९७४ मध्ये कर्जातल्या भेदभावाविरुद्ध कायदा आला, त्यात वंशाचा समावेश १९७६ मध्ये झाला. १९७५ पासून बँकांना गृहकर्जांची माहिती वस्तीवार जाहीर करावी लागली, आणि १९७७ च्या कम्युनिटी रीइन्व्हेस्टमेंट कायद्याने ज्या भागातून ठेवी घेता त्या भागाला कर्जही द्या असं बजावलं. १९६८ च्या कायद्याला दात आले ते १९८८ च्या दुरुस्तीनंतर. या सगळ्याचा परिणाम झाला. शिकागोच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या ॲरनसन, हार्टली आणि मझुमदार यांनी सी आणि डी तुकड्यांच्या सीमेवरची दोन्हीकडची घरं दशकानुदशकं तपासली. घरमालकी आणि वस्तीची वांशिक रचना या दोन्ही बाबतींत सीमेच्या दोन बाजूंमधलं अंतर १९७०–८० पर्यंत वाढत गेलं आणि मग कमी होऊ लागलं असं त्यांना आढळलं. कायद्यांनी काही साधलं नाही असं म्हणणाऱ्यांनी हे पाहावं.

आणि सगळं सुरळीत झालं असं म्हणणाऱ्यांनी पुढचे आकडे पाहावेत. १९६० मध्ये सुमारे ६५ टक्के गोरी कुटुंबं स्वतःच्या घरात राहत होती, कृष्णवर्णीय ३८ टक्के. आज गोरी ७४ टक्क्यांच्या आसपास, कृष्णवर्णीय ४५ च्या आसपास. दोघेही वर गेले, मधलं अंतर तसंच. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती २ लाख ८५ हजार डॉलर आहे, कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४ हजार ९००. कारण सरळ आहे. १९५० मध्ये विम्याच्या कर्जावर घर घेतलेल्याचं घर १९७५ पर्यंत फिटलं. त्याच्या वाढलेल्या किमतीवर मुलं कॉलेजात गेली आणि मुलांच्या घराचं डाउन पेमेंट निघालं. त्याच वर्षांत शिकागोत कृष्णवर्णीय कुटुंबं कराराने घर घेत होती: किंमत फुगवलेली, मालकी हक्क शेवटचा हप्ता भरेपर्यंत विकणाऱ्याकडे, आणि एक हप्ता चुकला तर आजवर भरलेलं सगळं पाण्यात. १९६८ च्या कायद्याने दार उघडलं, पण मधल्या ३४ वर्षांत साचायला हवी होती ती संपत्ती कोणी परत दिली नाही.

ज्यांना आकडेमोड करायची आहे त्यांच्यासाठी वेबसाइटचा डाउनलोड विभाग फार चांगला आहे. सगळे तुकडे जिओजेसन आणि शेपफाइल या नकाशाच्या फाइलींच्या स्वरूपात मिळतात, गैरव्यावसायिक वापराला परवानगी आहे. क्यूजीआयएससारख्या नकाशांच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडतात. तिथे नेहमी होणाऱ्या चुका तीन. पहिली, फाइल अक्षांश-रेखांशात असते. तशीच ठेवून क्षेत्रफळ काढलं तर उत्तर चौरस अंशांत येतं आणि निरर्थक असतं. आधी अल्बर्स समक्षेत्र प्रक्षेपणात बदला, ईपीएसजी क्रमांक ५०७०. दुसरी, काही तुकड्यांच्या कडा (बहुभुज) स्वतःलाच छेदतात आणि आच्छादनाची, म्हणजे दोन नकाशे एकावर एक ठेवण्याची, क्रिया अडते. ‘फिक्स जिओमेट्रीज’ आधी चालवा. तिसरी चूक सर्वांत नडणारी. जनगणनेचे आजचे ट्रॅक्ट (जनगणनेसाठी आखलेले विभाग) या तुकड्यांच्या सीमा पाळत नाहीत. क्षेत्रफळाच्या प्रमाणात लोकसंख्या वाटली तर मधली रेल्वे यार्डं आणि बागा माणसांनी भरून जातात. ट्रॅक्टपेक्षा कितीतरी लहान असे जनगणनेचे ब्लॉक घ्या आणि लोकसंख्येच्या वजनाने वाटा. काम वाढतं, पण उत्तर बदलतं. शिवाय आच्छादनात सीमेवर निघणाऱ्या बारीक चिरफळ्या गाळून टाका, कारण हाताने रंगवलेला नकाशा आजच्या रस्त्यांवर बसवताना काही मीटर इकडेतिकडे होणारच.

आणि वस्ती अजून तिथे आहे का, तेही तपासा. डेट्रॉइटच्या ब्लॅक बॉटम या कृष्णवर्णीय वस्तीतला हेस्टिंग्ज रस्ता क्रायसलर फ्रीवेखाली गेला, सेंट पॉलमधली रोंडो ही तशीच वस्ती आय-९४ महामार्गाखाली. तिथल्या लाल तुकड्याची आजच्या लोकसंख्येशी तुलना करणं म्हणजे हुसकावून लावलेल्यांच्या जागी आलेल्यांना मोजणं.

एकट्या या वेबसाइटवर भागत नाही. आजच्या कर्जवाटपासाठी ग्राहक वित्त संरक्षण विभागाच्या वेबसाइटवर एचएमडीएची (बँकांना १९७५ पासून जाहीर करावी लागणारी गृहकर्जांची) माहिती ट्रॅक्टनुसार मिळते. त्यात ‘कारवाई’ या रकान्यात १ म्हणजे कर्ज दिलं, ३ म्हणजे नाकारलं. कृष्णवर्णीय अर्जदारांच्या नकारांचं प्रमाण गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त दिसतं. पण जाहीर फाइलमध्ये क्रेडिट स्कोअर नसतो, त्यामुळे एवढ्यावरून भेदभाव सिद्ध झाला असं म्हणता येत नाही. २०१८ पासून उत्पन्न आणि कर्जाचं गुणोत्तर दिलेलं असतं, ते धरून तुलना करा. २०२२ पासूनच्या फाइलींत ट्रॅक्टच्या सीमा २०२० च्या जनगणनेच्या आहेत, आधीच्या फाइली सरळ जोडू नका. न्याय विभागाने लाल रेघेची नवी प्रकरणं हाताळली ती अशाच माहितीवरून. जानेवारी २०२३ मध्ये लॉस एंजेलिसच्या सिटी नॅशनल बँकेशी ३ कोटी १० लाख डॉलरांहून मोठी तडजोड झाली, बँकेने आरोप नाकारले.

मुलांचं पुढे काय झालं हे पाहायला ‘ऑपॉर्च्युनिटी ॲटलस’ वापरा. १९७८ ते १९८३ मध्ये जन्मलेली मुलं कोणत्या वस्तीत वाढली आणि तिशीच्या मध्यावर किती कमावतात, हे त्यात वंश आणि पालकांच्या उत्पन्नानुसार दिसतं. उन्हाळ्याचा परिणाम हवा असेल तर १०८ शहरांचा २०२० चा अभ्यास आहे: पूर्वीच्या लाल वस्त्या इतर वस्त्यांपेक्षा सरासरी २.६ अंश सेल्सियसने जास्त तापतात, झाडं कमी आणि डांबर जास्त.

‘मॅपिंग इनइक्वॅलिटी’ मधल्या उणिवा मोजक्या पण खऱ्या आहेत. फोनवर नकाशा आणि फॉर्म एकत्र मावत नाहीत, मोठा स्क्रीन हवाच. सगळ्या शहरांचे फॉर्म उपलब्ध नाहीत, काहींचा फक्त नकाशा आहे. राजधानी वॉशिंग्टनचा नकाशा मिळणार नाही, कारण एचओएलसीने तो केलाच नव्हता. सगळ्यात मोठी पोकळी १९४० नंतरच्या उपनगरांची. मराठी कुटुंबं १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर अमेरिकेत आली आणि बहुतेक याच उपनगरांत स्थिरावली, त्यामुळे आपलं घर या नकाशावर शोधणाऱ्याच्या हाती बहुधा काही लागणार नाही. शाळेच्या इतिहास प्रकल्पासाठी मुलं हे करू पाहतात आणि ‘आमच्याकडे असं काही नव्हतं’ असा समज करून घेतात.

अशा वेळी नकाशाऐवजी खरेदीखत पाहावं. घर १९५० च्या आधीच्या प्लॉटवर असेल तर काउंटी रेकॉर्डरच्या (जिल्ह्याच्या दस्तनोंदणीच्या) कार्यालयात त्या वसाहतीची मूळ अटींची नोंद मागा; घर घेताना टायटल कंपनीने (मालकी हक्क तपासणारी कंपनी) दिलेल्या कागदांतही ती बऱ्याचदा जोडलेली असते. ‘कॉकेशियन वंशाखेरीज कोणी राहू नये, घरकामाचे नोकर वगळता’ अशा धर्तीचं वाक्य सापडू शकतं. पश्चिम किनाऱ्यावर ‘एशियाटिक’ हा शब्दही असतो, आणि भगतसिंग थिंद या भारतीयाला नागरिकत्व नाकारणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९२३ च्या निकालानंतर भारतीय माणूस कायद्याने गोरा नव्हता, म्हणजे ती अट आपल्यालाही लागू होती. मिनियापोलिसमध्ये असाल तर मिनेसोटा विद्यापीठाच्या ‘मॅपिंग प्रेज्युडिस’ ने ही शोधाशोध आधीच करून नकाशा बनवलाय. कॅलिफोर्नियात अशी अट सापडल्यास मालकाला रेकॉर्डरकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो: मूळ दस्ताच्या प्रतीवर ते वाक्य खोडून अर्जासोबत द्यायचं, काउंटीचा वकील तपासतो, मग दुरुस्त दस्ताची नोंद होते. मूळ पान अभिलेखात तसंच राहतं. अर्ज करण्याआधी त्याची एक प्रत काढून ठेवा.